खगोलातून गणित: सहावी ते आठवीच्या वर्गांत चालणारे प्रकल्प

प्रश्न थोडक्यात असा आहे. सहावी ते आठवीला गणित शिकवणाऱ्या एका शिक्षकांना मुलांच्या आकाशाविषयीच्या कुतूहलाचा उपयोग गणितासाठी करून घ्यायचा आहे. शाळेत एक प्रोजेक्टर आहे, शिक्षकांचा स्वतःचा मोबाइल आहे, इंटरनेट कधी असते कधी नसते, दुर्बीण मात्र नाही. कोणती संकेतस्थळे वापरावीत, कोणते प्रकल्प घ्यावेत आणि या सगळ्यात अभ्यासक्रम मागे पडणार नाही ना, असे त्यांनी विचारले आहे.

संकेतस्थळांची लांबलचक यादी मी देणार नाही. अशा याद्या भरपूर मिळतात, आणि वर्गात त्यांतले फार थोडे उपयोगी पडते. मी अनेक वर्षे याच वयाच्या मुलांबरोबर हे काम करत आले आहे आणि त्यातून माझे मत असे झाले आहे की, प्रकल्पाची निवड आकाशावरून न करता पाठ्यपुस्तकातल्या घटकावरून करावी, आणि इंटरनेटवरून उत्तरे न आणता आकडे आणावेत. ‘पृथ्वीचा परीघ किती’ हे शोधायला सांगितले तर मूल अर्ध्या मिनिटात उत्तर उतरवून मोकळे होते. ‘तुम्ही मोजलेल्या सावलीवरून परीघ काढा, आणि तो खऱ्या परिघापेक्षा किती टक्के चुकला ते सांगा’ असे म्हटले की तेच उत्तर ताळा पाहण्यापुरते उरते. प्रकल्प गणिताचा आहे की नाही हे ओळखण्याची माझी कसोटी साधी आहे: त्यातले सगळे आकडे पुसून टाकले तरी तो तक्त्यावर छान दिसत असेल, तर तो चित्रकलेच्या तासाला द्यावा.

ही कसोटी सर्वांत आधी लावावी लागते ती थर्माकोलच्या सूर्यमालेला. गुणोत्तर आणि प्रमाण शिकवताना हाच प्रकल्प सर्वांना सुचतो आणि सर्वांत जास्त बिघडतोही, कारण ग्रहांच्या आकारांना एक प्रमाण आणि अंतरांना दुसरेच प्रमाण लावले जाते, किंवा कुठलेच लावले जात नाही. दोन्हींना एकच प्रमाण लावायचे ठरवावे आणि ते १ : १०,००,००,००,००० म्हणजे एकास एक हजार कोटी इतके घ्यावे. हे प्रमाण मी मुद्दाम सुचवते आहे. त्यात एक सेंटिमीटर म्हणजे एक लाख किलोमीटर आणि एक मीटर म्हणजे एक कोटी किलोमीटर होतात, त्यामुळे आपल्या लाख-कोटींच्या मोजणीत शून्यांचा गुंता जवळजवळ राहतच नाही. सूर्याचा व्यास सुमारे १३.९ लाख किलोमीटर, म्हणून प्रतिकृतीतला सूर्य १३.९ सेंटिमीटरचा. पृथ्वी सूर्यापासून सुमारे १४.९६ कोटी किलोमीटरवर, म्हणून ती पंधरा मीटरवर, आणि तिचा व्यास १२,७४२ किलोमीटर असल्यामुळे ती जेमतेम सव्वा मिलिमीटरची. मोहरीचा दाणा येथे नेमका बसतो, आणि चंद्रासाठी रव्याचा कण त्या दाण्यापासून पावणेचार सेंटिमीटरवर चिकटवावा लागतो. गुरू १.४ सेंटिमीटरचा असून तो ७८ मीटरवर जातो. बहुतेक शाळांचे मैदान तिथे संपते. शनी १४३ मीटरवर, युरेनस २८७ मीटरवर आणि नेपच्यून ४५० मीटरवर. हे तिघे गावात नेमके कुठे येतात ते मुलांनी गूगल मॅप्सवरील अंतर मोजण्याच्या सोयीने शोधावे.

यासाठी लागणारा तक्ता नासाच्या गोडार्ड केंद्राने इंटरनेटवर ठेवला आहे. त्यात अंतरे दशलक्ष किलोमीटरमध्ये, म्हणजे १४९.६ अशी दिलेली असतात. तो तक्ता मुलांसमोर तयार मराठीत करून ठेवू नये. एक दशलक्ष म्हणजे दहा लाख, मग १४९.६ दशलक्ष म्हणजे किती कोटी, हे रूपांतर मुलांनीच करायचे. स्वल्पविराम कुठे पडतो यावरून वर्गात वाद होतो तेव्हा स्थानिक किमतीची जेवढी उजळणी होते तेवढी स्वाध्यायाच्या दोन पानांत होत नाही. सातवी-आठवीत हेच आकडे दहाच्या घातांकात लिहायला लावावेत. प्रकाशाचा वेग सेकंदाला तीन लाख किलोमीटर आहे, म्हणजे प्रतिकृतीत प्रकाश सेकंदाला फक्त तीन सेंटिमीटर सरकतो. एका मुलाने त्या गतीने बोट सरकवत सूर्याकडून मोहरीपर्यंत जायचे ठरवले तर त्याला आठ मिनिटांहून थोडा अधिक वेळ लागतो, आणि सूर्यानंतरच्या सर्वांत जवळच्या ताऱ्यासाठीचा चेंडू सुमारे चार हजार किलोमीटरवर ठेवावा लागतो, जे अंतर भारताच्या दक्षिणोत्तर लांबीपेक्षाही जास्त आहे. या दोन्ही गोष्टी मुलांना आधी सांगून टाकू नयेत, त्यांच्याकडून काढून घ्याव्यात.

दुसरा प्रकल्प माझ्या सर्वांत आवडीचा आहे आणि त्यासाठी दुर्बीणच काय, स्वच्छ आकाशही लागत नाही. गणेश चतुर्थी दरवर्षी वेगळ्या तारखेला का येते, हा प्रश्न मुलांना स्वतःहून पडलेला असतो. त्यांच्यासमोर तारखा ठेवाव्यात: २०२२ साली ३१ ऑगस्ट, २०२३ साली १९ सप्टेंबर, २०२४ साली ७ सप्टेंबर, २०२५ साली २७ ऑगस्ट, २०२६ साली १४ सप्टेंबर. इंटरनेटवरील पंचांगांतून आणखी मागच्या वर्षांच्या तारखा मुलांना जमवता येतात. मात्र पंचांगात भारतातले शहर निवडले आहे ना, हे आधी पाहावे, कारण तिथी कोणत्या दिवशी धरायची हे स्थळानुसार ठरते आणि परदेशातल्या शहरासाठी तारीख एखाद्या दिवसाने सरकू शकते. पहिली पायरी पूर्णांक संख्यांची: तारीख मागच्या वर्षापेक्षा किती दिवस पुढे किंवा मागे गेली? उत्तरे येतात अधिक १९, उणे १२, उणे ११, अधिक १८. सहावीतल्या मुलांना ऋण संख्या कशासाठी असतात हे येथे विचारावे लागत नाही.

दुसरी पायरी म्हणजे दोन चतुर्थींमधले प्रत्यक्ष दिवस मोजणे. ते ३८४, ३५४, ३५४ आणि ३८३ भरतात. २०२४ हे लीप वर्ष होते हे काही मुले विसरतात आणि त्यांचे उत्तर एका दिवसाने चुकते, ते चुकू द्यावे. आता अमावस्येपासून अमावस्येपर्यंतचा सरासरी काळ २९.५३ दिवसांचा असतो, हे सांगून या संख्यांना त्याने भागायला लावावे. ३५४ ला भागले की जवळजवळ १२ येतात आणि ३८३ किंवा ३८४ ला भागले की जवळजवळ १३. वर्गात कोणी ना कोणी येथे ‘अधिक महिना’ म्हणतेच, कारण घरात आजीकडून तो शब्द ऐकलेला असतो. २०२३ साली श्रावण अधिक होता आणि २०२६ साली ज्येष्ठ अधिक आहे, हे दिनदर्शिकेत पाहून मुले आपल्या भागाकाराशी जुळवून घेतात. तारखा मागे सरकण्याची गती अमुक आणि महिना वाढवण्याची वेळ तमुक, हे त्यांना स्वतःच्या आकड्यांतून दिसलेले असते.

सातवी-आठवीत हाच प्रकल्प आणखी खोल नेता येतो. बारा चांद्रमास म्हणजे ३५४.३७ दिवस आणि सौर वर्ष ३६५.२४ दिवसांचे, म्हणजे दरवर्षी सुमारे १०.८७ दिवसांची तूट पडते. ही तूट साठत साठत एका महिन्याएवढी व्हायला किती महिने लागतील, हा शुद्ध त्रैराशिकाचा प्रश्न आहे आणि उत्तर साडेबत्तीस महिन्यांच्या आसपास येते. मग विचारावे की, दोन्ही कालगणना पुन्हा जवळजवळ एकाच जागी येतील अशी वर्षांची लहानात लहान संख्या कोणती. कॅल्क्युलेटर घेऊन मुले एकेक वर्ष तपासत जातात आणि १९ पाशी थांबतात, कारण १९ सौर वर्षे म्हणजे ६९३९.६० दिवस आणि २३५ चांद्रमास म्हणजे ६९३९.६९ दिवस. दोन तासांएवढाच फरक. १९ ला १२ ने गुणले की २२८ होतात, म्हणजे १९ वर्षांत सात अधिक मास. खात्रीसाठी २०२५ मधून १९ वजा करून २००६ सालची गणेश चतुर्थी शोधावी, तीही २७ ऑगस्टलाच होती, आणि २००५ साली ती २०२४ प्रमाणे ७ सप्टेंबरला होती. दर वेळी तारीख नेमकी जुळेलच असे नाही, एखाद्या दिवसाचा फरक पडतो. तो का पडतो यावर आठवीची मुले बराच वेळ बोलू शकतात.

वर्षानुसार गणेश चतुर्थीच्या तारखांचा आलेख काढून त्याच आलेखावर रमजान ईदच्या तारखा घ्याव्यात. भारतात ती २०२३ साली २२ एप्रिलला, २०२४ साली ११ एप्रिलला आणि २०२५ साली ३१ मार्चला होती. येथे महिना वाढवला जात नाही, म्हणून रेषा सरळ उतरत जाते, तर गणेश चतुर्थीची रेषा करवतीच्या दात्यांसारखी चढते-उतरते. उतरत्या रेषेला वर्षाची पूर्ण फेरी करायला किती वर्षे लागतील, हे मुलांनी काढावे. उत्तर साडेतेहतीसच्या जवळपास येते. दोन सणांच्या तारखा एका आलेखावर आल्या की वर्गातल्या सगळ्या घरांचे पंचांग गणिताच्या तासाला हजर होते, हा या प्रकल्पाचा एक न ठरवलेला लाभ आहे.

आता सूर्याकडे वळू. सूर्याकडे थेट किंवा दुर्बिणीतून पाहायचे नाही, हे पहिल्याच तासाला बजावावे. आपल्याला सावलीच मोजायची आहे. आधी वर्गात बसून करता येण्याजोगे काम घेऊ, म्हणजे सूर्योदय आणि सूर्यास्त यांच्या वेळा. ‘टाइम अँड डेट’ या संकेतस्थळावर कोणत्याही शहराच्या वर्षभराच्या वेळा मिळतात, आणि इंटरनेट नसेल तर भिंतीवरची दिनदर्शिकाही चालते. दर आठवड्याची एक नोंद घेऊन दिनमानाचा रेषालेख काढायला दिला की तास-मिनिटांची वजाबाकी, सरासरी आणि आलेख या तिन्हींचा सराव होतो. मुंबईत दिनमान जूनमध्ये सव्वातेरा तासांच्या आसपास जाते आणि डिसेंबरात अकरा तासांवर येते. शेजारी लंडनचा आलेख काढला तर तो साडेसोळा तासांहून थोडा वर जाऊन आठ तासांच्या खाली उतरतो.

खरी गंमत संक्रांतीच्या सुमारास आहे. संक्रांतीपासून दिवस तिळातिळाने मोठा होतो असे आपण म्हणतो. मुंबईच्या वेळा काढून पाहिल्या तर २२ डिसेंबरला सूर्य सुमारे ७ वाजून ८ मिनिटांनी उगवतो आणि ६ वाजून ६ मिनिटांनी मावळतो, तर १४ जानेवारीला तो सुमारे ७ वाजून १५ मिनिटांनी उगवतो आणि ६ वाजून २० मिनिटांनी मावळतो. दिवस वाढला हे खरे, पण सकाळ आणखी उशिरा झाली, आणि सगळी वाढ संध्याकाळच्या बाजूने आली. शिवाय वाढ संक्रांतीला सुरू झालेली नसून तीन आठवडे आधीच झालेली आहे. मग ‘दिवस सर्वांत वेगाने कधी वाढतो’ असे विचारावे. मुले सलग आठवड्यांतले फरक काढतात आणि त्यांना दिसते की जानेवारीच्या मध्यास रोजची वाढ सुमारे अर्ध्या मिनिटाची आहे, पण मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात ती मिनिटाच्या वर जाते. आलेखाचा चढ म्हणजे काय, हे व्याख्या न सांगता कळण्याची ही जागा आहे.

सूर्योदय आणि सूर्यास्त यांच्या वेळांची सरासरी काढली की स्थानिक मध्यान्ह, म्हणजे सूर्य सर्वांत उंच असण्याची वेळ, मिळते, आणि ती बाराला नसते. वरच्या आकड्यांवरून मुंबईत १४ जानेवारीला ती १२ वाजून ४७ मिनिटांच्या आसपास येते. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची आहे, पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे एका अंशाला चार मिनिटे. मुंबई ७२.९ रेखांशावर असल्यामुळे तिची मध्यान्ह सरासरीने ३८ मिनिटे उशिरा, नागपूर ७९.१ वर असल्यामुळे तिथे १४ मिनिटे उशिरा. समप्रमाणाचे याहून चांगले उदाहरण मला सापडलेले नाही. उरलेला फरक, जो फेब्रुवारीत चौदा मिनिटांच्या आसपास एका बाजूला आणि नोव्हेंबरात सोळा मिनिटांपर्यंत दुसऱ्या बाजूला जातो, तो पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार असल्यामुळे आणि तिचा अक्ष कललेला असल्यामुळे येतो. सहावीला एवढे सांगून पुढे जावे.

शून्य सावलीच्या दिवसाबद्दल अनेकजण विचारतात. महाराष्ट्रात सूर्य नेमका डोक्यावर येतो तो मे महिन्यात आणि दुसऱ्यांदा जुलै-ऑगस्टमध्ये, म्हणजे एकदा शाळेला सुट्टी असते आणि दुसऱ्यांदा आभाळ भरलेले असते. त्या दिवशी प्रत्यक्षात गणितही फारसे निघत नाही, कारण मोजायला सावलीच नसते. सप्टेंबरनंतरची लांब सावली गणितासाठी अधिक उपयोगी आहे.

तिचा उपयोग असा. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात एरॅटोस्थेनिस या ग्रीक विद्वानाने अलेक्झांड्रिया आणि सायिनी या इजिप्तमधल्या दोन गावांतल्या सावल्यांवरून पृथ्वीचा परीघ काढला. दोन ठिकाणच्या सूर्यकोनांत वर्तुळाच्या एक पन्नासांश भागाचा, म्हणजे ७.२ अंशांचा फरक होता, आणि त्या फरकाला दोन गावांमधल्या अंतराशी जोडून त्याने त्रैराशिक मांडले. आपल्याकडे हा प्रयोग करण्यासाठी जवळजवळ एकाच रेखावृत्तावरची जोडी हवी. पणजी आणि नाशिक ही जोडी मी सुचवेन. पणजी सुमारे १५.५ अक्षांशावर, नाशिक २० वर, आणि दोघांचे रेखांश ७३.८ च्या आसपास. दोन शाळांनी फोनवरून दिवस ठरवावा आणि एकाच दिवशी मध्यान्हीची सावली मोजावी. कोनांतला फरक साडेचार अंश यायला हवा आणि नकाशावरचे सरळ अंतर सुमारे ५०० किलोमीटर आहे. ३६० भागिले ४.५ म्हणजे ८०, आणि ८० गुणिले ५०० म्हणजे ४०,००० किलोमीटर. येथे कोणीतरी रस्त्याचे अंतर घेते आणि परीघ बराच मोठा येतो. तेव्हा सरळ अंतर आणि वळणावळणाचे अंतर यांतला भेद समजावण्याची आयती संधी मिळते.

मोजमापाबद्दल थोडे तपशिलात सांगते, कारण प्रकल्प येथेच फसतो. एक मीटरची सरळ काठी ओळंब्याने उभी करावी, जमीन सपाट असावी, आणि बारा वाजून दहा मिनिटांपासून एकपर्यंत दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खूण करावी. सर्वांत आखूड सावली ती मध्यान्हीची. मध्यान्हीजवळ सावलीची लांबी फार हळू बदलते, त्यामुळे पाच-दहा मिनिटांची चूक फक्त काही मिलिमीटरची असते. टोक मात्र स्पष्ट दिसत नाही. सूर्य बिंदू नसून अर्ध्या अंशाची तबकडी असल्यामुळे कडेला सुमारे एक सेंटिमीटरचा धूसर पट्टा असतो, आणि त्याच्या मधोमध खूण करण्याचे दोन्ही शाळांनी आधीच ठरवून घ्यावे लागते. या वयात त्रिकोणमिती नाही, म्हणून सावली आणि काठी एकास पाच प्रमाणात कागदावर काढून काठीच्या वरच्या टोकाशी होणारा कोन कोनमापकाने मोजावा. सप्टेंबरच्या २२-२३ तारखेला नाशिकची सावली ३६.४ सेंटिमीटर आणि पणजीची २७.७ सेंटिमीटरच्या आसपास येते, म्हणजे कागदावर काठी २० सेंटिमीटर आणि सावल्या ७.३ व ५.५ सेंटिमीटर.

आता चुकीचे गणित पाहा. नाशिकच्या मुलांनी सावली एक सेंटिमीटरने कमी मोजली तर कोन अर्ध्या अंशाने घटतो, फरक ४.५ ऐवजी ४ येतो आणि परीघ ४५,००० किलोमीटर होतो. तेवढीच चूक उलट बाजूला झाली तर फरक ५ आणि परीघ ३६,०००. सेंटिमीटरभर सावलीने पृथ्वी हजारो किलोमीटरने फुगते आणि आकसते, हे पाहून मुले पुढच्या वेळी खूण करताना गुडघ्यावर बसतात. म्हणून एका शाळेत एकच काठी न लावता पाच गटांच्या पाच काठ्या लावाव्यात आणि सरासरी घ्यावी. एखाद्या गटाचा आकडा फारच वेगळा आला तर तो वगळावा की ठेवावा, याची चर्चा सांख्यिकीच्या तासाला करावी आणि वगळला तर कारण वहीत लिहायला लावावे. हा प्रयोग कोणत्याही उन्हाच्या दिवशी चालतो, कारण आपल्याला फक्त कोनांतला फरक हवा आहे. संपाताच्या, म्हणजे दिवस-रात्र जवळजवळ समान असण्याच्या दिवशी केला तर अधिकचा लाभ असा की कोन हाच थेट अक्षांश असतो.

आठवीसाठी वर्ग, घन आणि चलन या घटकांसाठी गुरूचे उपग्रह घ्यावेत. गॅलिलिओने ते जानेवारी १६१० मध्ये पाहिले. आपण ते ‘स्टेलॅरियम’ या आकाश दाखवणाऱ्या मोफत आज्ञावलीत पाहू. ती संगणकावर एकदा उतरवून घेतली की इंटरनेटशिवाय चालते, आणि ब्राउझरमध्ये चालणारी आवृत्तीही आहे. गुरू निवडून तो पडद्याच्या मध्यभागी धरून ठेवावा, जमीन आणि वातावरण दाखवणे बंद करावे, चारही उपग्रह मावतील एवढे चित्र मोठे करून नंतर त्याला हात लावू नये. मग वेळ सहा-सहा तासांनी पुढे सरकवत, प्रत्येक गटाने आपल्या उपग्रहाचे गुरूपासूनचे अंतर गुरूच्या व्यासाच्या पटीत नोंदवावे, पूर्वेला धन आणि पश्चिमेला ऋण. आलेखावर लाट उमटते. दोन शिखरांमधला काळ म्हणजे परिभ्रमणकाल, आणि शिखराची उंची म्हणजे कक्षेची त्रिज्या. आयोचा काल सुमारे १.७७ दिवस, युरोपाचा ३.५५, गॅनिमीडचा ७.१५ आणि कॅलिस्टोचा १६.७ दिवस येतो. पहिल्या तिघांचे गुणोत्तर जवळपास १ : २ : ४ आहे, हे मुलांच्या लगेच लक्षात येते.

त्यानंतर सगळे आकडे आयोच्या पटीत लिहावेत. त्रिज्या येतात १, १.५९, २.५४ आणि ४.४६, तर काल येतात १, २.०१, ४.०४ आणि ९.४३. त्रिज्या दुप्पट झाली की काल दुप्पट होतो का? होत नाही. चौपट? तेही नाही. मुलांना हवे ते घात करून पाहू द्यावेत. त्रिज्यांचे घन ४.०, १६.४ आणि ८८.७ असे येतात आणि कालांचे वर्ग ४.०, १६.३ आणि ८८.९ असे, तेव्हा दोन स्तंभ एकमेकांशेजारी पाहून वर्ग क्षणभर गप्प होतो. कालाचा वर्ग त्रिज्येच्या घनाच्या प्रमाणात असतो हा केप्लरचा तिसरा नियम १६१९ साली प्रसिद्ध झाला, हे त्यानंतर सांगावे, आधी नाही. मुलांच्या हातचे आकडे इतके नेटके येत नाहीत. त्रिज्येत एक टक्का चूक असेल तर घनात ती तीन टक्के होते, हेही येथेच दाखवता येते.

बाकीच्या संकेतस्थळांविषयी थोडक्यात. नासाच्या एसडीओ या सूर्याचे निरीक्षण करणाऱ्या यानाची सूर्यचित्रे रोजच्या रोज मिळतात, आणि एखादा सौरडाग आठवडाभर मागोवा घेऊन सूर्याच्या फिरण्याचा काळ काढणे हा चांगला प्रकल्प आहे, परंतु चित्रातल्या तबकडीवरचे अंतर कोनात बदलण्यासाठी अर्धवर्तुळ काढून लंब टाकावा लागतो, म्हणून तो आठवीच्या उत्तरार्धात घ्यावा. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक आपल्या गावावरून कधी जाईल हे ‘हेवन्स अबव्ह’वर कळते. सुमारे ४२० किलोमीटर उंची आणि ९३ मिनिटांची फेरी यांवरून वर्तुळाच्या परिघाचे सूत्र वापरून त्याचा वेग सेकंदाला साडेसात किलोमीटरच्या थोडा वर काढणे, हे सातवीला एका तासात होते. सामान्य लोकांना संशोधनात सहभागी करून घेणाऱ्या ‘झूनिव्हर्स’ या संकेतस्थळावरील दीर्घिकांचे वर्गीकरण मुलांना फार आवडते, पण माझ्या मते त्यातून शेकडेवारीपलीकडे गणित कमी निघते आणि इंग्रजी सूचना वाचण्यात वेळ जातो. ‘होरायझन्स’ ही ग्रह-उपग्रहांची स्थाने देणारी, नासाच्या जेपीएल या प्रयोगशाळेची प्रणाली अचूक आहे, तरी तिच्यासमोर मुलांना बसवू नये. शिक्षकांनी तिच्यातून हवा तेवढा तक्ता काढून छापून द्यावा.

इंटरनेटच्या लहरीपणावर उपाय हाच आहे. प्रकल्पाच्या आदल्या आठवड्यात तक्ते आणि चित्रे उतरवून, शक्यतो कागदावर छापून ठेवावीत. वर्गात जाळे चालू असण्यावर एकही पायरी अवलंबून ठेवू नये. मोजणी आणि आकडेमोड आधी वहीत व्हावी. स्प्रेडशीट वापरायची असेल तर ती नंतर आणावी, कारण सूत्र टाकून खाली ओढले की शंभर भागाकार होतात, पण त्यातला एकही मुलाने केलेला नसतो.

अभ्यासक्रम मागे पडण्याची भीती रास्त आहे आणि ती टाळण्याचा एकच मार्ग मला माहीत आहे: प्रकल्प घटकानंतर जोडकाम म्हणून न देता, घटक शिकवण्याचे काही तास प्रकल्पालाच द्यावेत आणि पाठ्यपुस्तकातली तेवढी उदाहरणे गृहपाठाला टाकावीत. आकारिक मूल्यमापनात प्रकल्प आणि उपक्रम यांना जागा आहेच. तिथे गुण देताना तक्त्याच्या सजावटीला एकही गुण ठेवू नये. नोंदी मूळ स्वरूपात आहेत का, एकके लिहिली आहेत का, अंदाज आधी लिहिला होता का, आणि चुकीचे शेकडा प्रमाण काढले आहे का, एवढे पाहावे. ज्यांचे उत्तर सर्वांत अचूक त्यांनाच सर्वाधिक गुण दिले, तर पुढच्या वेळी सगळ्यांची उत्तरे अचूक येतात आणि ती मोजलेली नसतात.

वर्षाची आखणी आभाळ पाहून करावी. जून-जुलैत पाऊस असतो, तेव्हा वर्गात सूर्यमालेच्या प्रमाणाची आकडेमोड करून घ्यावी आणि मैदानावरची मांडणी उघडीप मिळेल त्या दिवशी. गणेशोत्सवाच्या आधीचा आठवडा चतुर्थीच्या तारखांना द्यावा. सावलीसाठी २२-२३ सप्टेंबर ठरवावा, पण त्या दिवशी ढग असण्याची शक्यता मोठी असल्याने दिवाळीच्या सुट्टीनंतरचा एक दिवस दोन्ही शाळांनी राखून ठेवावा. सूर्योदयाच्या नोंदी डिसेंबरात सुरू करून मार्चपर्यंत चालू ठेवाव्यात आणि आठवीचे गुरूचे उपग्रह जानेवारीत घ्यावेत, म्हणजे वार्षिक परीक्षेच्या उजळणीआधी काम पुरे होते. यंदा यांपैकी एकच करायचे असेल, तर चतुर्थीच्या तारखा घ्याव्यात, कारण त्याला तीन तास आणि एक जुनी दिनदर्शिका पुरते.